बुटाले मी नावं नाही ठेवत

नाही हो, बुटाले मी नावं नाही ठेवत! पहिलेच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हनसान, नवे कोरे बूट घेऊन हा मोच्याच्या दारात बसला, म्हंजे बुटात काहीतरी खोट हाय. खोट नाही. पाहा ना, हात लावून पाहा! काळेभोर, गुडघ्याच्या खाली चार बोटं, आतून पांढरं अस्तर, अन् रब्बर कसं? जाड! पक्कं! बाहेरचं पानी आत येनार नाही, आतला घाम बाहेर जानार नाही. आताच, घंटाभर झाला नसीन, इथंच बुलढाण्याले मोठ्या मंडपात, मंडळीच्या टाळ्या पडून राह्यल्या होत्या तव्हा मले हे बूट बक्षीस भेटले. बक्षीस! मग बक्षिसाचे बूट घेऊन मोच्याकडं काऊन आला म्हनता?... सांगतो ना. मोचीबुवा जेवाले गेले, त्यांची चामडं कापाची रापी इथं पडली हाय, मलकापूरची एस्टी येवाची तव्हा येईन. टाइमच टाइम हाय. जरा सरका. हां.

तर मी इंद्रभान. मलकापूरच्या रस्त्याले लोखंडी कपाटाचा कारखाना हाय, तिथं रंगवाला. कपाटं म्हंजे आरशावाली, पोरीच्या लगनात बाप लोक देतात ती, जी जिन्यातून चढत नाहीत अन् मंग खिडकी तोडा लागते... ती. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या शंकररावानं शेड टाकलं. शंकरराव म्हंजे मालक. मानूस चांगला, त्यालेबी मी नावं नाही ठेवत. पहिले आम्ही साध्या फवाऱ्यानं रंग मारू. आधा रंग कपाटाले, आधा आमच्या छातीत. संध्याकाळी घरी जाऊन नाक शिंकरलं की बायको पाहून सांगे, "आज हिरवी कपाटं होती वाट्टे!"

मालकाले वाटलं, हा रंग वाया जाऊन राह्यला. मानसं वाया जाऊन राह्यली हेबी वाटलं असीन, मी नाही म्हनत नाही. त्यानं मुंबईहून नवं मशीन आनलं. करंटवालं. तुम्हाले सांगतो, जादू! हातात पिस्तूल, पिस्तुलाले एक रंगाची नळी अन् एक करंटाची वायर. घोडा दाबला की रंगाचं धुकं निंघते, अन् त्या धुक्यात करंट भरलेला. करंट कसा? घरच्या लाइटीच्या शेकडो पट! समोर कपाटाचं दार आकड्याले टांगलेलं, आकडा लोखंडी दांड्याले, दांड्याची तार जमिनीत गाडलेली. मंग ते धुकं काय करते, धावत जाते अन् दाराले चिटकते. समोरून मारलं तं मांगूनबी चिटकते! मांगून! पहिल्या दिवशी मी दार फिरवून पाह्यलं, मांगं रंग लागलेला, अन् मले दरदरून घाम फुटला. कडूबा म्हने, "इंद्रभान, हे मशीन मांगून वार करते बे. याच्या पाठीमांगं उभं नाही राहाचं."

कडूबा... हां. कडूबाचंच सांगून राह्यलो मी.

कडूबा माह्या गावचा, धामणगाव बढ्याचा, माह्याच आळीतला. दोघं एकाच दिवशी कामाले लागलो. मी पिस्तूल चालवू, तो दारं टांगे, दारं उतरवे, आकड्यावरचा वाळला रंग खरडे, अन् थिनरच्या डब्यात फडकं बुचकळून दारावरचा तेलकटपना पुसे. थिनर म्हंजे रंग पातळ कराचं पानी, पन पानी नाही. वासानंच डोकं गरगरते अन् ठिनगी दाखवली की पेट्रोलच्या वर पेटते. मानूस कसा होता म्हनसान, तं जेवाले बसला की स्वतःचा डबा झाकून ठेवे अन् माह्या डब्यातली भाजी पहिले खाये. "तुही खराब होईन बे, मायी टिकाऊ हाय." त्याची बायको जनकाबाई, आमची वैनी, तिच्या हाताले चव अशी की टिकाचं नावच नाही, तरी हा मानूस आधी मायी खाये!

मशीन आलं त्या दिवशी मालकाची माय आली. अन्नपूर्णाबाई. नऊवारी पातळ, रुपयाएवढं कुंकू, अन् आवाज असा की शेडावरचे पत्रे वाजावे. मशीनीभोवती एक चक्कर मारली अन् पोराले इचारलं, "काय रे शंकऱ्या, याच्यात करंट हाय म्हनते? अन् तो दिसत नाही?"

"नाही माय."

"अन् मनात आनलं तं जीव घेते?"

"घेते माय."

"मंग देवच की रे हा!"

झालं! हळद, कुंकू, नारळ, झेंडूचा हार. मुंबईचा फिटर मशीन बसवाले आलता, तो बिचारा "वायरला हार नको, वायरला हार नको" करत मांगंमांगं फिरे. बाईचा हुकूम सुटला, "या खोलीत कोनी चपला घालून पाय ठेवाचा नाही! देव्हाऱ्यात चपला घालून जाता का रे मुडद्यांनो? अन् रोज सकाळी भुईवर पानी शिंपडाचं!" फिटरलेबी बूट काढाले लावले, मोजेबी. त्यानं आमच्याकडं पाह्यलं, सगळे अनवानी, ओल्या सिमेटावर उभे. त्यानं मान डोलवली, म्हने, "बहोत अच्छा." अन् गेला मुंबईले.

दोन दसरे गेले. दोन साल आम्ही त्या खोलीत अनवानी काम केलं. हिवाळ्यात पाय गारठून जायेत, कडूबा बाईच्या नावानं बोंबा मारे, "देवीनं मले सर्दी देली!" पन करंटाची एक मुंगी चावली असीन कोनाले, तं शपथ.

आता सगळं बरं चाललं होतं, तं तिकडं पत्रा कापाच्या शेडात भाऊरावच्या पायावर पत्रा पडला. चप्पल घातलेली, अंगठा गेला. जाग्यावर गेला! मंग तपासनीवाले सायेब आले. त्यांचंबी काही चुकलं नाही, अंगठा गेल्यावर सायेब येनारच. त्यांनी सगळा कारखाना पाह्यला अन् शेवटी आमच्या रंगखोलीच्या दारात येऊन उभे राह्यले. दाराशी चपलांची रांग, आत आम्ही अनवानी, मशीनीच्या कपाळाले कुंकू. सायेब म्हनले, "हे काय आहे? विजेचं यंत्र आणि कामगार अनवाणी? हा कारखाना आहे की देऊळ?"

कडूबा म्हने, "सायेब, दोन्हीबी."

सायेब हसले नाहीत. सायेब लोकायले हसाची परवानगी वरून येवा लागते.

मालक मात्र खरोखर घाबरला. एका मानसाचा अंगठा गेला, आता दुसऱ्याचं काही जाऊ नाही म्हनून त्यानं समद्यायले बूट आनले. एकट्या पत्र्याच्या शेडाले नाही, समद्यायले! रब्बरी हातमोजेबी आनले. सुरक्षा सप्ताह होता, टेबलावर चादर, चादरीवर बूट, बुटाच्या मांगं सायेब, अन् आम्ही रांगेत. आग इझवाच्या वाळूच्या बादल्या लाल रंगवून फोटोसाठी गेटवर मांडल्या. अन्नपूर्णाबाईले मालकानं समजावलं, माय, सरकारी नियम हाय. बाई म्हने, "सरकारपुढं देवाचं काय चालते बाबा." ओल्या भुईवर बूट घसरतात म्हनून पानी शिंपडनंबी बंद झालं. पहिला नंबर कडूबाचा. त्यानं बूट घेतले, कपाळाले लावले, अन् तसाच घालून एस्टीत बसला, गावात उतरला, अन् मारुतीच्या पारापासून घरापर्यंत असा चालला, असा चालला... की कुत्रे मांगं लागले. जनकाबाईनं दारात ताट आनलं अन् ओवाळलं. नवऱ्याले का बुटाले, ते अजूनबी आळीत कोनाले समजलं नाही. म्हनून म्हनतो, बुटाले मी नावं नाही ठेवत. अशी खुशी त्या घरात मी लगनानंतर पहिल्यांदा पाह्यली.

दुसऱ्या दिवशी कामाले सुरुवात. मी पिस्तूल चालवलं, कडूबा दार उतरवाले गेला, दाराले बोट लावलं, अन्... चट्!

"मेलो बे!"

काय झालं? काही नाही. बोटातून निळी ठिनगी निंघाली. हाताचे केस उभे! आम्ही हसलो. हसलो हो, खोटं कायले बोलू. कडूबाले तं खेळच भेटला. फोरमन उकंडराव चहा पीत उभा, हा गेला मांगून, अन् कानाच्या पाळीले बोट लावलं. चट्! उकंडराव हातभर उडाला, कप एकीकडं, बशी दुसरीकडं. साऱ्या कारखान्यात बोभाटा, कडूबात करंट आला! लोकं हात मिळवाले येऊन राह्यले! कडूबा खुर्चीवर बसून म्हने, "नमस्कार दुरून करा. देव्हारा आता इथं हलला."

पन संध्याकाळी एस्टीत माह्या बाजूले बसला अन् बोट चोखत म्हने, "इंद्रभान, एक सांग. दोन साल अनवानी होतो, काही झालं नाही. बूट घातले अन् झटके बसाले लागले. हे कसं काय बे?"

पाहा. सवाल पाहा त्याचा! बरोबर सवाल होता. पन जवाब द्याले कोन होतं? उकंडरावले इचारलं. उकंडराव म्हने, "अरे येड्या, बूट होते म्हनून चट् वर निभावलं. अनवानी असता तं जाग्यावर ठार झाला असता!" आता सांगा, तुम्ही तिथं असते तं काय म्हनले असते? मान डोलवली असती का नाही? आम्हीबी डोलवली. घरात लाइटीचं बटन बिघडलं तं आपन काय करतो? रब्बरी चप्पल घालतो, लाकडाच्या पाटावर चढतो अन् मंग हात लावतो. बापानं तेच शिकवलं, मास्तरनं तेच शिकवलं, वायरमन स्वतः तेच करते! म्हंजे आता इलाज काय? रब्बर कमी पडून राह्यलं. लाकूड पाह्यजे!

जनकाबाईनं पाट देला. घरचा. लगनातला! चार कोपऱ्याले पितळी फुल्या ठोकलेला, त्याच्यावर बसून दोघायनं हळद लावली होती तो पाट. म्हने, "याच्यावर उभं राहून काम करा. यानं तुमाले काही होनार नाही." कडूबा तो पाट काखोटीले मारून एस्टीत चढला. कंडक्टर म्हने, "जेवाले चालला का लगनाले?" कडूबा म्हने, "लढाईले."

पाटावर उभा राह्यला, तं झटका वाढला! आता चट् नाही, चटाक्! उकंडराव म्हने, करंटाचा जोर वाढला असीन, हातमोजे घाल. हातमोजे घातले... अन् बंद. एकदम बंद! झटक्याचं नाव नाही. पायात रब्बर, पायाखाली लाकूड, हातात रब्बर. उकंडरावनं माह्याकडं असं पाह्यलं की जसा काही त्यानंच करंट बांधून कोपऱ्यात बसवला. "पाह्यलं? याले म्हनतात सुरक्षा! अन् तू रे इंद्रभान, तुहा हातमोजा कुठं हाय?" माह्या हातमोज्याचं बोट पिस्तुलाच्या घोड्यात जाये नाही. जाड होतं. म्हनून मी हातमोजा काढून खिशात ठेवू अन् उघड्या हातानं पिस्तुलाची लोखंडी मूठ धरू. रोज शिव्या खाऊ. "मरशील एक दिवस! कडूबाचं पाह्य जरा!"

कडूबाचं पाह्य म्हने.

तो दिवस काही येगळा नव्हता. उन्हं होती, पंखा घुरघुरत होता, सकाळपासून आम्ही दिवाळीनंतरच्या एका मोठ्या लगनाची कपाटं काढून राह्यलो होतो, गुलाबी. आठ-दहा दारं मारून झाली. कडूबा पूर्न वेळ माह्या बाजूले, पाटावर उभा, त्या धुक्यात. मंग म्हने, "थांब बे, या दाराले तेल लागलं." थिनरच्या डब्याचं झाकन घट्ट बसलं होतं. हातमोज्यानं निंघेना. हातमोजा सरके. त्यानं एका हाताचा मोजा दातानं ओढून काढला, लाकडाच्या चिपेनं झाकन उचकटलं, मोजा घातलेल्या हातानं ते बाजूले ठेवलं, अन् उघड्या हातानं फडकं घेऊन डब्याकडं वाकला...

चट्.

रोजच्यासारखंच. तेवढंच. मले वाटलं आता कडूबा हसीन.

पहिले त्याचा आवाज नाही आला. भप्प झालं फक्त, अन् त्याचं तोंड दिसेनासं झालं. मी पिस्तूल फेकलं. पानी... पानी कुठं? सकाळी शिंपडाची बादली दाराशी राहे, ती शिंपडनं बंद झालं तव्हाच उचलून नेली. वाळू कुठं? वाळूच्या बादल्या गेटवर! लाल रंगवलेल्या, फोटोतल्या, तिथंच राह्यलेल्या! मी गोनपाट घेऊन त्याच्यावर पडलो, माहे बूट सांडलेल्या थिनरात जळाले. हे हात पाहा. हे त्याचेच डाग हायेत, रंगाचे नाही. उकंडराव गेटवर धावला अन् वाळू घेऊन आला, म्हातारा मानूस, दोन्ही हातात दोन बादल्या, रडत रडत आला.

कपाटाच्या ट्रकातच आम्ही त्याले इथं बुलढाण्याले आनलं. गाडी घाट चढून राह्यली होती, मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. अन् हा मानूस मले काय इचारते? सांगा काय इचारलं असीन? "इंद्रभान... पाट जळला का बे? जनकी बोलीन मले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला. गावात बैलं रंगवून राह्यले होते लोकं, अन् आम्ही लाकडं रचून राह्यलो होतो. मी त्याले आंघोळ घातली. सारं अंग... जाऊ द्या. पन पाय! गुडघ्याखाली एक फोड नाही. अगदी गोरे, नितळ, लहान लेकरासारखे पाय. बुटानं वाचवले. मले रडू येत नव्हतं तोपर्यंत, ते पाय पाह्यले अन् आलं. मले सांगा, नुसते पाय घेऊन मी वैनीच्या पुढं काय करू?

चौकशी झाली. सायेब पुन्हा आले. "मृत कामगाराने बूट घातले होते का?" हाव. "हातमोजे पुरवले होते का?" हाव. "बुटांमुळे पायांना कोणतीही इजा झालेली नाही." लिहून घेतलं. अन् माह्याकडं वळून, "तुम्ही हातमोजे घातले नव्हते? हा निष्काळजीपणा आहे!" मी जिवंत, म्हनून मी निष्काळजी. कडूबानं सगळे नियम पाळले, त्याच्याबद्दल सायेबाले काही तक्रारच नव्हती. पन त्यांनीबी जे वाचलं होतं तेच इचारलं. अन् बुटाले तं मी नावं ठेवतच नाही. पाय वाचवाचं काम होतं बुटाचं, ते बुटानं केलं.

मंग मशीन दुरुस्त कराले मुंबईचा तोच फिटर आला. दारातच थबकला. आमच्या पायाकडं पाह्यत राह्यला अन् असा ओरडला, "हे रबरी बूट कोणी दिले तुम्हाला?"

मालकबी उभा होता, उकंडरावबी. फिटरनं सांगितलं. हा करंट घरच्या लाइटीचा नाही. हा धुक्यातून येते अन् जवळ जो उभा राहीन त्याच्या अंगावर बसते. पाय भुईले असले तं बसल्या बसल्या जमिनीत उतरून जाते, मानसाले पत्ताबी लागत नाही. अन् पायाखाली रब्बर असलं, लाकूड असलं, तं उतरत नाही. साचते. मानसात साचत राह्यते. मंग तो मानूस लोखंडाले बोट लावते, तव्हा सगळा एकदम निंघते. दाराले लावलं तं चट्. थिनरच्या डब्याले लावलं तं... "हा इंद्रभान वाचला, कारण उघड्या हाताने लोखंडी मूठ धरून होता. मुठीतून त्याचा उतरत होता."

मी म्हनलं, "अन् हे तुम्ही आम्हाले पहिले काऊन नाही सांगितलं?"

तो म्हने, "अरे बाबा, तुम्ही सगळे अनवाणी होता! जमिनीवर पाणी मारलेलं होतं! मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे!"

ऐकलं? त्याले वाटलं आम्हाले ठाऊक हाय. आम्हाले वाटलं देव हाय. सायेबाले वाटलं आम्ही अडानी हावोत. अन् अन्नपूर्णाबाई बिचारी कुंकवाचा करंडा घेऊन बसली, तिले काय ठाऊक की तिनं दोन साल एक मानूस जिवंत ठेवला. मी कोनावर चिडू? सांगा एक नाव. मी लय शोधलं. रात रात शोधलं. भेटलं नाही.

उकंडराव खाली बसला, भुईवर, डोकं धरून. तेवढ्यात फिटरले कोपऱ्यात तो पाट दिसला. एका कडेनं कोळसा झालेला, पितळी फुल्या तशाच. "आणि ही लाकडाची फळी? बूट कमी होते म्हणून ही कोणी ठेवली त्याच्या पायाखाली?"

साऱ्यायले ठाऊक होतं पाट कोनाच्या घरचा. मालकालेबी. कोनी तोंड उघडाच्या आत मी म्हनलं, "म्या ठेवली."

फिटर म्हने, "मग त्याला तुम्हीच मारलं, भाऊ."

मी म्हनलं, "हाव."

काय म्हनू दुसरं? तिचं नाव घेऊ? तो पाट मी धुतला, काळं खरडलं, अन् घेऊन गेलो वैनीकडं. जनकाबाईनं पाटावर हात फिरवला अन् इचारलं, "हा पायाखाली होता ना त्यायच्या? का उभं राह्यलेच नव्हते याच्यावर? त्यायले माही ऐकाची सवय नव्हती..."

"होता वैनी. म्हनून तं पाय वाचले."

ती रडली नाही. मान हलवली, म्हने, "पाट मोठा पाह्यजे होता." अन् आत जाऊन कडूबाचे बूट आनले. पुसून, चमकवून ठेवलेले. "भाऊजी, तुमच्या मापाचे हायेत. तुमचे जळाले ना. हे घाला. माही शपथ हाय तुमाले, बुटाबिगर त्या खोलीत पाय ठेवाचा नाही."

आता बोला! आता काय कराचं मानसानं? मालकानं तिले कारखान्यात लावलं, गेटवर झाडाले अन् पानी द्याले. रोज सकाळी मी एस्टीतून उतरलो की ती झाडू थांबवते अन् माह्या पायाकडं पाह्यते. "बूट हायेत ना भाऊजी?" मालकानं सायेबाले इचारलं, रंगखोलीत अनवानी चालीन का? सायेब म्हनले, नियमात बूट आहेत, वर लिहून विचारतो. वर अजून वाचूनच राह्यले. करंट उतरनारे खास बूट मुंबईत भेटतात म्हने, मालकानं मागवले, ते अजून मुंबईतच हायेत. वैनीले बूट पाह्यजे. सायेबाले बूट पाह्यजे. मशीनीले पाय पाह्यजे!

मंग म्या काय केलं? कडूबाचे बूट घेऊन आलो याच मोचीबुवाकडं. म्हनलं, "याचा तळ कापून द्या." त्यानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. "लोकं तळ लावाले येते, तू काढाले आला? घरी सगळे बरे हायेत ना?" म्हनलं, काप बाबा. कापला. आता वरून बूट, खालून अनवानी. वैनी पाह्यते, खूश. सायेब पाह्यते, खूश. मशीन पाह्यते, तेबी खूश. कडूबाच्या जागी सहदेव नावाचा मानूस आला, त्याचेबी पहिल्याच दिवशी कापून आनले. सकाळी भुईवर पानी मी स्वतः शिंपडतो. कुंकूबी लावतो, आता कोनी हसो का काही करो.

साल झालं. आज इथं पुन्हा सुरक्षेचा कार्यक्रम. सायेबानं माइकात सांगितलं, "या कामगाराने वर्षभरात एकही दिवस बूट न घालता काम केलं नाही!" टाळ्या! अन् बक्षीस कोनाच्या हातानं? मालकाले काय वाटलं, त्यानं जनकाबाईले पुढं केलं. ती पदर सावरत आली, हे बूट माह्या हातात देले, अन् हळू आवाजात म्हने, "भाऊजी, त्यायचे आता झिजले असतीन. उद्यापासून हे घाला. तळ जाड हाय, मी हात लावून पाह्यलं."

जाड हाय म्हने तळ. ती मालकाच्या जीपमंदी पुढं गेली, अन् मी इथं येऊन बसलो.

या, या मोचीबुवा! झालं जेवन? हाव, पुन्हा मीच. नवे हायेत, हाव. जाड हाय, तुमची रापी जरा घासून घ्या... अन् हे पाहा, वरून कुठं कापल्याचं दिसू देऊ नका, गेटवर रोज तपासनी असते. बूट चांगले हायेत हो, बुटाले मी नावं नाही ठेवत. तेवढा खालचा जीव घेनारा भाग काढून द्या, की मंग घालाले काही भेव नाही.